मासे सोडण्याआधीचे पाणी

काचेची नवी टाकी घरी येते. तळाशी खडे पसरले जातात, फिल्टर सुरू होतो, पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते आणि दुसऱ्याच दिवशी त्यात सात-आठ मासे सोडले जातात. आठवडाभरात एकेक मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो आणि पंधरवड्यात टाकी रिकामी होते. दोष दुकानदाराला दिला जातो, खाद्याला दिला जातो, कधी नशिबालाही. बहुतेक वेळा खरे कारण असते अमोनिया. तो माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात उतरतो. जुन्या, मुरलेल्या टाकीत तो साठत नाही, कारण फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढलेले जिवाणू त्याचे रूपांतर आधी नायट्राइटमध्ये व मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात. म्हणून जाणकार हौशी लोक मासे न आणताच चार ते सहा आठवडे टाकी मुरू देतात. पाण्यात मोजून अमोनिया घालतात आणि जिवाणू वाढण्याची वाट पाहतात. या काळात डोळ्यांना काही दिसत नाही. पाणी मात्र हळूहळू आम्लधर्मी होत जाते. त्याकडे दुर्लक्ष झाले, की सगळे काम मध्येच थांबते.

हे जिवाणू कशावर जगतात आणि त्यांना खडूसारख्या पदार्थाचा आधार का लागतो, याचा निर्णायक उलगडा केला सर्गेई विनोग्रादस्की या शास्त्रज्ञाने. माशांच्या टाक्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते अभ्यास करत होते मातीचा आणि पाण्याचा. पण झुरिकमधल्या प्रयोगशाळेत त्यांनी काचेच्या चंबूत जे केले, तेच आज लाखो घरांतल्या टाक्यांत घडते.

विनोग्रादस्की यांचा जन्म १८५६ मध्ये कीव्ह शहरात एका सधन कुटुंबात झाला. कीव्ह तेव्हा रशियन साम्राज्यात होते. शाळेत ते हुशार होते, पण कशातच मन रमत नव्हते. विद्यापीठात त्यांनी आधी कायद्याला प्रवेश घेतला, मग निसर्गविज्ञानाकडे वळले, तेही सोडले. त्यानंतर ते सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात पियानो शिकू लागले. तिथे त्यांना थिओडोर लेशेटित्स्की यांच्यासारखे नावाजलेले गुरू लाभले. तरीही दोनेक वर्षांत त्यांनी संगीताचे शिक्षण थांबवले आणि १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात पुन्हा विज्ञानाला प्रवेश घेतला. एकविसाव्या वर्षी नव्याने सुरुवात करणारा हा तरुण घरच्यांना चंचल वाटला असता तर नवल नव्हते. या वेळी मात्र ते टिकले. वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रेई फामिंत्सिन यांच्या हाताखाली त्यांनी सूक्ष्मजीवांचा अभ्यास सुरू केला आणि एकाच जातीच्या जीवाला ठरावीक परिस्थितीत वाढवून, तो कसा वागतो हे सावकाश पाहण्याची सवय लावून घेतली.

१८८५ मध्ये ते स्ट्रासबर्गला अँटोन डी बारी यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यांनी हाती घेतला बेजिआटोआ हा गंधकाच्या झऱ्यांत आढळणारा धाग्यासारखा जिवाणू. या जिवाणूच्या पेशीत गंधकाचे चमकदार कण दिसत. ते कुठून येतात, याबद्दल मतभेद होते. विनोग्रादस्की यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवरच या जिवाणूला थेंबाथेंबाने पाणी दिले आणि तासन्‌तास पाहिले. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्यासारखा वास येणारा वायू असला, की गंधकाचे कण भरत. तो बंद केला, की कण झिजत आणि त्यांचे सल्फेट होऊन जाई. वायू मिळालाच नाही, तर जिवाणू उपाशी मरत. यावरून त्यांनी १८८७ मध्ये निष्कर्ष मांडला, की हा जीव गंधकाचे ज्वलन करून त्यातून ऊर्जा मिळवतो. आपण जसे अन्नातली साखर जाळून जगतो, तसा तो निर्जीव रसायन जाळून जगतो. जगण्याची अशी तऱ्हा असू शकते, हे तोवर कोणी दाखवले नव्हते.

१८८८ च्या आरंभी डी बारी यांचे निधन झाले आणि विनोग्रादस्की झुरिकला आले. तिथे त्यांनी एक जुना, पैशाशी आणि युद्धाशी जोडलेला प्रश्न उचलला. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, शेणमूत्र मुरलेल्या मातीत आपोआप तयार होतो, हे शतकानुशतके ठाऊक होते. बिहारमधला सोरा युरोपीय कंपन्या जहाजे भरून नेत. पण तो मातीत तयार कसा होतो? १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि मुंत्झ यांनी वाळू व खडू भरलेल्या उभ्या नळीतून सांडपाणी झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काही झाले नाही. मग खालून येणाऱ्या पाण्यातला अमोनिया नाहीसा होऊन त्याजागी नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. नंतर थोडी ताजी माती मिसळलेले पाणी घातल्यावर पुन्हा सुरू झाली. म्हणजे हे काम सजीवांचे होते. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी हाच धागा पुढे नेला. गंमत अशी, की याच नावाच्या त्यांच्या रसायनशास्त्रज्ञ वडिलांनी १८५० च्या सुमारास काचेच्या भांड्यात गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून आधुनिक मत्स्यालयाचा पाया घातला होता. मात्र हे काम करणारा जिवाणू वेगळा काढण्यात मुलाला यश आले नाही.

अपयशाचे कारण पद्धतीत होते. जिवाणू वेगळे काढण्यासाठी त्या काळी जिलेटिनचे पौष्टिक थर वापरत. त्यावर मातीतले शेकडो जिवाणू झपाट्याने वाढत, पण त्यांतला एकही अमोनियाचे नायट्राइट करत नसे. विनोग्रादस्की यांनी विचार उलटा केला. गंधकाचा जिवाणू जर निर्जीव रसायनावर जगतो, तर हाही तसाच असेल. त्याला जिलेटिन नकोच असेल. त्यांनी झुरिकच्या तळ्याचे पाणी घेतले. दर लिटरला एक ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि एक ग्रॅम पोटॅशियम फॉस्फेट त्यात मिसळले. साखर, मांसरस, पेप्टोन असे काहीच घातले नाही. चंबूच्या तळाशी त्यांनी मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड टाकली, चिमूटभर माती घातली आणि वाट पाहिली. नायट्रीकरण सुरू झाले, की त्या चंबूतला थेंब नव्या चंबूत, त्यातला पुढच्या चंबूत, असे ते करत गेले. दर वेळी नको असलेले जिवाणू उपासमारीने मागे पडत आणि हवे असलेले टिकत.

चंबूतले वरचे पाणी नितळच राहत असे. जिवाणू सापडले ते तळाशी, पांढऱ्या पुडीला चिकटलेले. पुडीच्या कणांभोवती त्यांनी मऊ आवरण केले होते आणि कण झिजत चालले होते. या पुडीचे काम काय? अमोनियाचे नायट्राइट होताना आम्ल तयार होते. अमोनियमच्या प्रत्येक कणामागे हायड्रोजनचे दोन आम्लधर्मी आयन पाण्यात सुटतात. ते साठत गेले, तर जिवाणू आपल्याच उत्सर्जनाने बंद पडतात. कार्बोनेट ते आम्ल शोषून घेते आणि त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड जिवाणूंना शरीर बांधायला उपयोगी पडतो. विनोग्रादस्की यांनी चंबूत नव्याने तयार झालेला सेंद्रिय कार्बन मोजून हे सिद्ध केले. सूर्यप्रकाश नाही, सेंद्रिय अन्न नाही, तरी सजीव पदार्थ तयार होत होता. हिरव्या वनस्पतींशिवाय आणखी कोणी हे करू शकते, हा जीवशास्त्राला मोठा धक्का होता. १८९० मध्ये हे निबंध पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात छापून आले. पुढे त्यांनी दाखवले, की काम दोन टप्प्यांत आणि दोन वेगळ्या गटांकडून होते: एक अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. त्यांना नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावेही त्यांनीच दिली. जिलेटिनऐवजी त्यांनी सिलिकाच्या निर्जीव जेलीवर हे जिवाणू वाढवले.

घरातली नवी टाकी म्हणजे मोठा चंबूच. फरक एवढाच, की आता आम्ल मोजायला आकडा आहे. डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १९०९ मध्ये सामू, म्हणजेच पीएच, ही मोजपट्टी दिली. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. सामू एक अंकाने घटला, की आम्लता दहापट वाढते. नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंना सामू साधारण ७ ते ८ च्या दरम्यान असलेला मानवतो. ६.५ च्या खाली त्यांचा वेग मंदावतो आणि ६ च्या खाली बहुतेक टाक्यांत काम जवळजवळ थांबते. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अमोनिया एका आकड्यावर अडून बसतो. जिवाणू मेले असे समजून लोक बाजारातली जिवाणूंची बाटली विकत आणतात. खरे तर गरज असते सामू तपासण्याची.

सामू धरून ठेवणारी पाण्याची ताकद म्हणजे त्यातले बायकार्बोनेट. अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नायट्रोजनच्या नायट्रीकरणात सुमारे सात मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी ही ताकद खर्च होते. बोअरवेलच्या दुष्फेन पाण्यात, म्हणजे साबणाला फेस न येणाऱ्या पाण्यात, हा साठा बहुधा भरपूर असतो. पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात तो जवळजवळ नसतोच. अशा पाण्यात सामू सुरुवातीला ठीक दिसतो आणि साठा संपताच एकदम कोसळतो. म्हणून सामूबरोबर कार्बोनेट कठीणताही मोजावी. तिचे टेस्ट किट मत्स्यालयाच्या दुकानात केएच नावाने मिळते.

पन्नास लिटरच्या टाकीचा हिशेब सोपा आहे. ०.४ ग्रॅम अमोनियम क्लोराइड घातले, की लिटरमागे सुमारे दोन मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन होतो. इतके बारीक वजन घरी जमत नाही. त्यामुळे चार ग्रॅम पूड अर्धा लिटर पाण्यात विरघळवून त्यातले ५० मिलिलिटर वापरावे. तीन ग्रॅम खाण्याचा सोडा पन्नास लिटरमध्ये विरघळवला, तर अशा साधारण अडीच मात्रांचे आम्ल तो झेलतो. सोडा आधी थोड्या पाण्यात विरघळवून घालावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. आठवड्यातून दोनदा तपासणी पुरते. दुसरा मार्ग विनोग्रादस्की यांच्या चंबूतलाच आहे: शिंपल्यांचा स्वच्छ धुतलेला चुरा जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवायचा. पाणी आम्लधर्मी होऊ लागले, की तो सावकाश विरघळतो. पानाला लावायचा किंवा भिंतीला द्यायचा चुना मात्र मुळीच घालू नये. तो फार तीव्र अल्क आहे आणि सामू क्षणात भलताच वर नेतो. नळाच्या पाण्यातला क्लोरीनही आधी काढून टाकावा, कारण तो जिवाणूच मारतो.

मासे नसताना हे सारे करण्याचा मोठा फायदा असा, की चूक कोणाच्या जिवावर बेतत नाही. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. विषारी रूपाचे प्रमाण २५ अंश तापमानाला सामू ७ असताना साधारण अर्धा टक्का असते, तर सामू ८ झाला की पाच टक्क्यांवर जाते. रिकाम्या टाकीत याने बिघडत नाही. पण मासे असलेल्या आणि आम्लधर्मी होऊन अमोनिया साठलेल्या टाकीत घाईने सोडा ओतला, तर तोवर निरुपद्रवी असलेला अमोनिया काही मिनिटांत मारक होतो. अशा वेळी आधी अमोनिया मोजावा आणि सामू हळूहळूच वर न्यावा.

एक मात्रा घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले, की टाकी तयार झाली. तोवर साठलेले नायट्रेट कमी करण्यासाठी बरेचसे पाणी बदलावे, सामू एकदा तपासावा आणि मग थोडे थोडे मासे सोडावेत.

विनोग्रादस्की यांच्या आयुष्याचा पुढचा भाग चंबूइतका शांत नव्हता. पाश्चर संस्थेचे निमंत्रण आले असतानाही १८९१ मध्ये ते मायदेशी परतले आणि सेंट पीटर्सबर्गच्या नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग सांभाळू लागले. तिथे त्यांनी हवेतला नायट्रोजन बांधून ठेवणारा आणि ऑक्सिजनशिवाय जगणारा मातीतला जिवाणू शोधला आणि त्याला पाश्चर यांचे नाव दिले. पुढे प्रकृती बिघडली, प्रशासनाचा भार वाढला. १९०५ च्या सुमारास त्यांनी प्रयोगशाळा सोडली आणि युक्रेनमधल्या आपल्या वाडवडिलांच्या जमिनीवर शेती पाहू लागले. बारा-पंधरा वर्षे विज्ञानाशी त्यांचा संबंध जवळजवळ तुटला.

मग क्रांती झाली. जमीन आणि घर गेले. साठी ओलांडलेले विनोग्रादस्की ओडेसामार्गे देशाबाहेर पडले. बेलग्रेडमध्ये अध्यापकाची जागा मिळाली, पण संशोधनाला साधने नव्हती. १९२२ मध्ये पाश्चर संस्थेचे संचालक एमिल रू यांनी त्यांना फ्रान्सला बोलावले. तीस वर्षांपूर्वी नाकारलेले निमंत्रण आता आसरा होऊन आले. पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेर या गावी, वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांनी पुन्हा काचेची भांडी मांडली.

या दुसऱ्या डावात त्यांनी मातीच्या सूक्ष्मजीवशास्त्राला नवी दिशा दिली. त्यांचा आग्रह असा, की जिवाणूला समृद्ध अन्नावर लाडाने वाढवून त्याचा खरा स्वभाव कळत नाही. तो ज्या मातीत राहतो, तिथेच, शेजाऱ्यांसह पाहायला हवा. उंच काचेच्या नळीत चिखल, पाणी आणि थोडी रसायने भरून उजेडात ठेवली, की काही आठवड्यांत जिवाणूंचे हिरवे, जांभळे, काळे थर दिसू लागतात. ही नळी आजही विद्यार्थ्यांना विनोग्रादस्की स्तंभ म्हणून दाखवतात. त्यांची कन्या हेलन हिनेही नायट्रीकरणाच्या जिवाणूंवर संशोधन केले. १९३५ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रातला मानाचा लेव्हेनहूक पदक पुरस्कार त्यांना मिळाला. १९४९ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, आयुष्यभराचे निबंध एकत्र करून मातीच्या सूक्ष्मजीवशास्त्रावरचा जाडजूड ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. फेब्रुवारी १९५३ मध्ये ब्री-कोंत-रोबेर इथेच, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निष्कर्षांत नंतर भर पडली. मत्स्यालयांच्या फिल्टरमध्ये नायट्राइटचे काम नायट्रोबॅक्टरपेक्षा नायट्रोस्पिरा हा जिवाणू अधिक करतो, असे दिसून आले. २०१५ मध्ये तर नायट्रोस्पिराच्या काही जाती दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात हे उघड झाले, आणि त्यांतल्या काही मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमध्येच सापडल्या. शहरांच्या सांडपाणी प्रकल्पांतही हेच जिवाणू राबतात आणि तिथले अभियंतेही पाण्याची अल्कता घसरू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून असतात. घरच्या टाकीला इतक्या यंत्रणेची गरज नाही. सामूचे किट, थोडा खाण्याचा सोडा आणि महिना-दीड महिना थांबण्याची तयारी, एवढे असले की पुरे.